गाडी कोणाची, माल कशाचा

मोटारीचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं, ट्रकचं मिळत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहतुकीची गाडी चालवायला वयाची वीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तिचा शिकाऊ परवाना मागायचा तर हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स हातात येऊन निदान एक वर्ष झालेलं असावं लागतं. म्हणजे बारावीनंतर पुढं काय, हा विषय घरात रोज निघतो त्या वयात ट्रकचा रस्ता अजून बंदच असतो. कोणी शेजाऱ्याचा पिकअप चालवतो, कोणी उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर बसतो, कोणी भावकीतल्या ट्रकवाल्याबरोबर दोन-चार फेऱ्या मारून येतो. वीस पूर्ण होईपर्यंत हात बसलेला असतो आणि आपल्याला गाडी जमते असं वाटायला लागलेलं असतं.

बहुतेकांना ती जमतेही. या धंद्यात येऊन वर्षा-दोन वर्षांत परत फिरलेल्यांशी बोलावं, तर गाडी जमली नाही म्हणून सोडली असं सांगणारे फार थोडे भेटतात. त्यांना जमला नाही तो मालक, नाहीतर माल, नाहीतर हिशोब. केळी घेऊन दिल्लीला जाणारा आणि चाकणच्या एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात सुटे भाग पोचवणारा, दोघांच्याही लायसन्सवर एकच शिक्का असतो. पण त्यांची झोप, जेवण, पगार, मणका आणि संसार यांत काहीही सारखं नसतं. ट्रकवर जावं की नाही हे ठरवताना नेमका ट्रक कुठला, हे आधी विचारायला हवं.

कागदाचं आधी उरकून घेऊ. २०१९ पर्यंत अशा लायसन्सला आठवी पासची अट होती, ती केंद्र सरकारनं काढून टाकली. अट निघाली तेव्हा बरीच टीका झाली. मला ती अट निघाली हे बरोबर वाटतं, कारण आठवीच्या दाखल्यानं घाट उतरता येत नाही. वैद्यकीय तपासणीचा नमुना १-अ लागतो आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतं. लायसन्सची मुदत पाच वर्षांची असते. मध्ये एक पायरीही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की ज्यांचं मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आत आहे अशा मालवाहू गाड्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतात, वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती आणि पिकअप यातच येतात. थेट दहा चाकीवर उडी मारण्याआधी वर्षभर अशा गाडीवर गावोगावचा माल टाकून पाहिला, तर गिऱ्हाईक, हमाल, पोलीस आणि बिल्टी या चौघांची ओळख स्वस्तात होते.

खरी अडचण शिकण्याची आहे. नियमानं अवजड वाहनाचं प्रशिक्षण तीस दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे पंधरा तास. भोसरीच्या सीआयआरटी या वाहतूक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी ते नीट होतं. पण तालुक्याच्या गावी बऱ्याचदा रिकाम्या गाडीवर मैदानात आठाचा आकडा काढला की शिकणं संपतं. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी हे दोन वेगळे प्राणी आहेत. दहा चाकी ट्रकचं मालासकट कायदेशीर वजन २०१८ पासून २८.५ टन आहे, आधी ते २५ टन होतं. यातला मोठा भाग मालाचाच. वळणावर तो माल कुठं ढकलतो, ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतर घेते, पावसात कशी घसरते, हे मैदानावर कळत नाही.

पूर्वी हे क्लीनर होऊन कळायचं. गावाकडं त्याला किन्नर म्हणतात, आणि तो ड्रायव्हरला उस्ताद म्हणतो. टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखायची, ताडपत्री ओढून दोर आवळायचा, रिव्हर्स घेताना मागं उभं राहून बाजू दाखवायची, स्टोव्हवर भाजी करायची, शिव्या खायच्या. मग कधीतरी पहाटे मोकळ्या रस्त्यावर उस्ताद स्टेअरिंग हातात द्यायचा. यात शोषण भरपूर होतं, ते झाकायचं कारण नाही. पण दोन-तीन वर्षांत पोराला भरलेली गाडी अंगानं कळायची. आता बऱ्याच मालकांनी खर्च वाचवायला क्लीनर काढून टाकलाय. ड्रायव्हर एकटाच जातो. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून मालक ओरडतात, आणि ज्या शिडीवरून ड्रायव्हर वर यायचे ती त्यांनीच काढून घेतली आहे. नव्यानं येणाऱ्यानं म्हणून पहिली चौकशी ही करावी, की सुरुवातीचे काही महिने जुन्या माणसाबरोबर सेकंड ड्रायव्हर म्हणून बसवणार का. जो मालक पहिल्याच दिवशी चावी हातात देऊन एकट्याला हैदराबादला पाठवतो, त्याला तुमचं कौतुक नसतं, त्याची गाडी उभी असते.

आता मालाकडं येऊ.

रावेर, सावदा, फैजपूरकडची केळी कच्ची तोडून दिल्लीच्या आझादपूर मंडीला जाते. अंतर हजार किलोमीटरहून जास्त, आणि माल नाशवंत. गाडी वेळेवर पोचली तर ठीक, उशीर झाला तर व्यापारी भाव पाडतो आणि भाड्यातून कापतो. इथं रस्त्यात थांबणं म्हणजे पैसे जाणं, म्हणून झोप सगळ्यात आधी कापली जाते. मोठ्या मालकांच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात, एक चालवतो तेव्हा दुसरा मागच्या फळीवर झोपतो. एकट्यानं ही फेरी करायला सांगत असतील तर पगार कितीही असो, नाही म्हणायला शिकावं. आंबा, द्राक्षं, टोमॅटो, मासळी, सगळ्या नाशवंत मालाची जात हीच.

न्हावा शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्याभोवती उरण, द्रोणागिरी, कळंबोली पट्ट्यात कंटेनर ट्रेलरचं स्वतंत्र जग उभं राहिलं. इथं अंतर कमी आणि थांबणं जास्त. निर्यातीचा भरलेला कंटेनर जहाजाच्या कट-ऑफ वेळेआधी गेटातून आत जायला हवा. आयातीचा कंटेनर सीएफएस म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामातून सोडवून गिऱ्हाइकाकडं रिकामा करायचा आणि रिकामा डबा पुन्हा एम्प्टी यार्डात टाकायचा. प्रत्येक टप्प्यावर रांग. उन्हाळ्यात पत्र्याच्या केबिनमध्ये, रांग सरकेल म्हणून झोपताही येत नाही आणि सरकत नाही म्हणून जाताही येत नाही. ज्याचा पगार महिन्याचा ठरलेला आहे त्याला हे सोसवतं. फेरीवर पैसे घेणाऱ्याचा इथं जीव जातो, कारण महिन्यात फेऱ्या किती होणार हे त्याच्या हातात नसून रांगेच्या हातात असतं.

चाकण-तळेगाव-रांजणगावची गोष्ट वेगळी. वाहन कारखान्यांना सुटे भाग ठरल्या वेळेला ठरल्या गेटवर लागतात. त्यासाठी ठराविक पुरवठादारांकडून माल गोळा करत फिरणारी गाडी असते, तिला कारखान्यातले लोक मिल्क रन म्हणतात. घड्याळ कडक, पण रस्ता रोजचा, आणि बऱ्याच जणांना रात्री घरचं जेवण मिळतं. महिन्याचा आकडा लांब पल्ल्यापेक्षा कमी दिसतो. पण लग्न झालेल्या माणसानं या दोन आकड्यांची तुलना करताना बाहेरचं जेवण, अंघोळ, फोन आणि घरी नसल्यानं घरात होणारा खर्च वजा करून पाहावा. बऱ्याचदा फरक उरत नाही.

तेलाच्या टँकरला धोक्याच्या मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून निघणारे टँकर पंपावर माल खाली करून परत रांगेत लागतात, कामाला शिस्त असते. द्रव माल मात्र गाडीत गप्प बसत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत तो ब्रेक मारला की पुढं धावतो आणि वळणावर बाहेरच्या बाजूला चढतो, म्हणून टाकीत कप्पे करतात. जो माणूस स्वभावानं घाईचा आहे त्यानं टँकरवर जाऊ नये. वाळू-मुरमाच्या डंपरबद्दल एवढंच सांगतो: जिथं खेप मोजून पैसे मिळतात आणि माल बहुधा पावतीविना असतो, तिथं अपघात झाला तर मालकाचा फोन लागत नाही.

पैशाचा प्रश्न पगाराच्या आकड्यानं सुटत नाही, कारण ड्रायव्हरला पैसे मिळण्याच्या तऱ्हा निदान तीन आहेत. एक, महिन्याचा पगार आणि वर दिवसाचा किंवा किलोमीटरचा भत्ता. दुसरी, फेरीमागं रक्कम. तिसरी, म्हणजे ठोक खर्ची: डिझेल, टोल, जेवण, रस्त्यातली ‘एंट्री’ म्हणजे चिरीमिरी, या सगळ्यासाठी मालक एक रक्कम हातात देतो आणि त्यातून उरेल ते ड्रायव्हरचं. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा झाल्यावर टोल थेट मालकाच्या खात्यातून जायला लागला, त्यामुळं या खर्चीतला एक भाग कमी झाला. डिझेल मात्र राहिलं.

डिझेलचा हिशोब करून पाहू. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धरलं, तर १,२०० किलोमीटरला ३०० लिटर लागतात. ड्रायव्हरनं कशीबशी साडेचारची सरासरी काढली तर २६७ लिटरमध्ये भागतं. लिटरला ९० रुपये धरले तरी एका बाजूच्या फेरीत तीन हजार रुपये वाचले. ही बचत ड्रायव्हरच्या खिशात जाणार असेल तर तो ती करणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. बरीचशी बचत चांगल्या सवयींतूनही होते: टायरमध्ये बरोबर हवा, एकसारखा वेग, उगाच इंजिन चालू न ठेवणं. पण सगळ्यात सोपी बचत उतारावर असते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि सोडून द्यायची. काही जण तर इंजिनच बंद करतात.

इथं थोडं थांबून गाडीच्या पोटात डोकावलं पाहिजे. गिअरमध्ये असलेली गाडी उतरताना चाकं इंजिनाला फिरवत असतात, आणि इंजिन त्यांना धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की ही पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. २८.५ टनांची गाडी तीनशे मीटर खाली उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळी उष्णता झाली तर अडीचशे लिटर पाणी उकळीला येईल. एवढी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये शिरली की लायनर तापून गुळगुळीत होतो, पाय पूर्ण दाबला तरी गाडी धरत नाही. इंजिन बंद असेल तर आणखी भर: ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा काँप्रेसर इंजिनावर फिरतो. तो थांबला की प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना टाकीतला दाब उतरत जातो. पॉवर स्टेअरिंगही त्याच क्षणी जड होतं.

पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत जो लांब उतार आहे तो या कारणानं बदनाम झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकनं तिथं चाळीसहून जास्त गाड्या ठोकरल्या. उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. वर्तमानपत्रांत अशा वेळी ‘ब्रेक निकामी’ असं छापून येतं, जणू ब्रेक आपोआप बिघडले. जुने ड्रायव्हर एक नियम पाळतात: घाट ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. खंबाटकी असो, कसारा असो की करूळ, याहून चांगला नियम अजून कोणी सांगितलेला नाही. मालकाला भेटाल तेव्हा डिझेलचा हिशोब कसा आहे हे विचारा, म्हणजे घाट कसा उतरावा अशी त्याची अपेक्षा आहे हेही कळेल. सरासरीवर बक्षीस देणारा मालक वाईट असतोच असं नाही. पण ठोक खर्ची देऊन डोळे मिटणारा मालक तुमच्या जिवाच्या किमतीत डिझेल वाचवतोय.

जास्त वजन भरण्याचंही असंच. कायद्यानं ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. दंड मालक भरेल असं तोंडी सांगितलं जातं. रस्त्यात गाडी अडली की काट्यावर उभे असता तुम्ही.

मग थांबण्याचा हिशोब. माल भरायला आणि उतरवायला लागणारा वेळ कोणाच्याच भाड्यात धरलेला नसतो. वर वाराई. माल व्यापाऱ्याचा, गोदाम व्यापाऱ्याचं, पण उतरवून घेण्याचे पैसे गाडीवाल्याकडून घ्यायचे, अशी ही पद्धत. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा घेऊन सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ट्रकमालकांनी या प्रश्नावर अनेकदा रान उठवलं. घोषणा इतकी रास्त आहे की तिच्याविरुद्ध बोलायला जागा नाही, तरी बऱ्याच बाजारपेठांत वाराई चालूच आहे. ही रक्कम मालक हिशोबात धरतो की तुमच्या भत्त्यातून जाते, हे आधी ठरवून घ्यायचं. जीएसटीच्या ई-वे बिलाचं घड्याळ वेगळं असतं. २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. गाडी बिघडून मुदत टळली तर वाढवून घेणं वाहतूकदाराचं काम, पण रस्त्यात अडवलं जातं ते ड्रायव्हरला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके बंद झाले तेव्हा मुलुंड-दहिसरला तासन्‌तास उभं राहणं संपलं. या एका गोष्टीसाठी जुने ड्रायव्हर त्या कराला दुवा देतात, तो भरणारे व्यापारी देवोत न देवोत.

झोपेबद्दल कायदा काय म्हणतो ते कोणी नव्या माणसाला सांगत नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले. लांब पल्ल्याला दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्नपर्यंत सूट होती. पाच तास सलग काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती. मोटार वाहन कायद्याचं एक्क्याण्णवावं कलम हेच तास मालवाहू गाड्यांनाही लावत आलं. आता नागपूर ते भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्ग घ्या, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ट्रकच्या वेगाला ८० ची मर्यादा. कुठंही न थांबता, एकही घोट चहा न पिता हे अंतर जवळजवळ नऊ तासांचं आहे. गाडी भरायला सकाळी जे चार तास गेले ते वेगळेच. म्हणजे सरळ, चकचकीत रस्त्यावरची साधी एकाच दिशेची फेरीसुद्धा आठ तासांत बसत नाही.

युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र सक्तीचं असतं. ते चालवण्याचे तास नोंदवतं, साडेचार तासांनी पाऊण तास थांबावंच लागतं, आणि यंत्र तपासून दंड होतो. आपल्याकडं तास मोजतो तो ड्रायव्हर स्वतः, आणि फोनवरून मालक. सेव्हलाइफ फाउंडेशननं २०२० मध्ये देशातल्या दहा वाहतूक केंद्रांवर सुमारे बाराशे ट्रकचालकांशी बोलून अहवाल काढला. त्यात चालवण्याचे सरासरी तास दिवसाला बाराच्या जवळ निघाले, आणि निम्म्याच्या आसपास चालकांनी थकलेलं किंवा झोप आलेली असताना गाडी चालवतो असं कबूल केलं. निम्म्याहून जास्त चालकांची कमाई तेव्हा महिन्याला दहा ते वीस हजारांच्या दरम्यान होती. आपल्या घरातल्या कोणाला या कामात या म्हणाल का, यावर चौऱ्याऐंशी टक्क्यांनी नाही म्हटलं. हे सगळं वाचून मुलगा घाबरावा असं मला वाटत नाही. उरलेले सोळा टक्के कोणत्या मालकाकडं, कुठल्या मालावर होते, याची उत्सुकता त्याला वाटावी.

शरीर हप्त्याहप्त्यानं वसुली करतं. पाठ आणि गुडघे आधी बोलायला लागतात, मग बेवेळच्या जेवणानं पोट आणि साखर. लघवी दाबून ठेवायची आणि पाणी कमी प्यायचं ही सवय मूत्रपिंडाला महागात पडते. डोळ्यांचा नंबर बदललाय हे बऱ्याच जणांना लायसन्स नूतनीकरणाच्या वेळी कळतं, तोपर्यंत रात्री समोरच्या दिव्यांना शिव्या देत गाडी चाललेली असते. २०२५ पासून नव्या बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, हे फार उशिरा आलेलं शहाणपण. जुन्या गाड्या मात्र अजून बरीच वर्षं रस्त्यावर असतील, आणि नव्या ड्रायव्हरच्या वाट्याला बहुधा त्याच येतात. पोटाला ढाबा, डोळ्याला झोप नाही, आणि वर गावात ड्रायव्हरला मुलगी द्यायला लोक का-कू करतात. हे शेवटचं दुखणं कुठल्या अहवालात येत नाही, पण निर्णय घेताना आई ते आधी बोलून दाखवते.

अपघाताचं बोलायला कोणाला आवडत नाही, म्हणून ते नेमकं बोललं पाहिजे. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर जुन्या दंडविधानात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत झाली. पळून गेल्यास आणि पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवल्यास दहा वर्षांपर्यंत, असं १०६ व्या कलमाचं दुसरं पोटकलम आलं. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर ट्रकचालक संपावर गेले, पानेवाडीचे टँकर थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. चालकांचं म्हणणं होतं की थांबलो तर जमाव जीव घेतो. गंमत म्हणजे हे म्हणणं कायद्यालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात जखमीला दवाखान्यात नेण्याचं बंधन घालतानाच, जमावाच्या रोषामुळं ते शक्य नसेल तर अपवाद केलेला आहे. पोलिसांना कळवणं मात्र सुटत नाही. जागेवरून दूर जावं लागलं तरी लगेच ११२ लावायचा किंवा जवळच्या ठाण्यात हजर व्हायचं, हे स्टेअरिंग हातात घेण्याआधी पाठ असायला हवं. आणि गाडीचा विमा, फिटनेस, परमिट यांच्या तारखा स्वतः वाचायच्या. विमा संपलेली गाडी चालवायला देणारे मालक कमी नाहीत.

दोन-चार वर्षं झाली की प्रत्येकाच्या डोक्यात एकच येतं: दुसऱ्याची गाडी किती दिवस चालवायची? देशातले बहुतेक ट्रकमालक पाच किंवा त्याहून कमी गाड्यांचे आहेत, त्यातले कित्येक एकेकाळी ड्रायव्हरच होते. स्वप्न खोटं नाही. आकडे मात्र बघावेत. बॉडीसकट चाळीस लाखांची दहा चाकी घेतली, पाच लाख घरातून घातले, उरलेले पस्तीस लाख दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्ज काढले, तर महिन्याचा हप्ता चौऱ्याहत्तर हजारांच्या वर जातो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं २० ते ४० टनांच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा वर्षाला ४३,९५० रुपये, कर वेगळा. दहा टायर आहेत आणि ते झिजतात. पगारी ड्रायव्हरची गाडी आठ दिवस भाड्याविना उभी राहिली तर त्याला विश्रांती मिळते. मालकाची राहिली तर अठरा-वीस हजारांचा हप्ता बसून खाल्लेला असतो. परतीचं भाडं कायम मिळेल अशी ओळख ज्याची दोन्ही टोकांना झालेली आहे त्यानंच या वाटेला जावं. दलालावर अवलंबून राहून गाडी घेणाऱ्याला मी तरी अडवीन.

बायकांनी यात यावं का, असाही प्रश्न आता विचारला जातो. नंदुरबारमध्ये वाढलेल्या आणि वाणिज्य व कायद्याची पदवी घेतलेल्या योगिता रघुवंशी यांनी पतीच्या निधनानंतर भोपाळमधून हा पेशा धरला आणि दहा चाकीवर देश पालथा घातला. त्यांचं उदाहरण खरं आहे, पण ते सांगून बाकीच्यांना ‘तुम्हीही या’ म्हणणं सोपं नाही. हमरस्त्यावर दिवा असलेलं आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह किती अंतरावर मिळतं, हा प्रश्न त्याआधी येतो. तो पुरुषांनाही आहेच, त्यांनी फक्त तो विचारायचं सोडून दिलंय.

दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावा शेव्यापर्यंतचा १,५०६ किलोमीटरचा मालवाहू रेल्वेमार्ग लांब पल्ल्याचे काही कंटेनर रस्त्यावरून ओढून नेईल. त्यानं ट्रकचं काम संपणार नाही, कारण रेल्वे गोदामाच्या दारात येत नाही. पण नव्या माणसानं पुढच्या वीस वर्षांचा विचार करताना दिल्लीच्या फेरीपेक्षा स्टेशन-बंदर-गोदाम या टप्प्यातल्या कामाकडं जास्त पाहावं.

आणि यातून बाहेर पडण्याची वाटही आत शिरतानाच पाहून ठेवावी. आपल्याकडं ट्रकवरून एसटीत जाण्याचा रस्ता जुना आहे. एसटीच्या चालक भरतीत अवजड वाहन चालवल्याचा अनुभव मागतात. खाजगी कंपन्यांच्या बस, कारखान्यांच्या गाड्या, अग्निशमन दल, सगळीकडं तीच मागणी. हा अनुभव तोंडी चालत नाही. रोख पगार घेऊन, नेमणुकीचा कागद न घेता, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नसताना कोणी सहा वर्षं गाडी चालवली असेल, तर त्याच्याकडं दाखवायला लायसन्सवरच्या तारखेशिवाय काही नसतं. म्हणून मालकाशी बोलणी करायला जाल तेव्हा भत्ता, डिझेल, वाराई, सेकंड ड्रायव्हर हे सगळं विचारून झाल्यावर नेमणूकपत्र मागा, आणि पगार बँकेत टाकायला सांगा. काही मालक हसतील. एखादा तुमचं पूर्ण नाव आणि खातं क्रमांक लिहून घेईल. त्याच्याकडं गाडी जुनी असली तरी चालेल.